राहिलेले दोन शुक्रवार

दुमिंगचं मीठ डॉक्टरांनी बंद केलं, त्या दिवशी आयने घरातल्या सगळ्यांचंच बंद केलं. थोरला मुलगा अळणी गिळतोय आणि बाकीचे त्याच्यासमोर बसून बोंबलाचं कालवण भुरकताहेत, हे तिला बघवणार नव्हतं. पापा कारखान्यातून यायचे, पहिला घास तोंडात घालायचे, एकदा आयकडे बघायचे आणि मुकाट्याने पुढचा घास घ्यायचे. मी मात्र कुरकुरायचे. मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या मते घरातली सगळ्यांत शहाणी होते. दुमिंग हसायचा. "खा गं तेरू," म्हणायचा, "तोंडाला चव नसली का मानूस कमी बोलतं. तुझे फायद्याचाच हाय." सकाळी त्याचं तोंड सुजलेलं असायचं, डोळे बारीक झालेले असायचे, पायांत बूट शिरत नसत, तरी थट्टा सुटली नव्हती. पापांच्याच कारखान्यात तो फिटरचं काम शिकत होता. ते सुटलं होतं. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्याचं सांगितलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं, आणि पापांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवणारा डॉक्टर पापांना आवडला नाही. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "डागदर चांगला हाय, पन त्याला काय सुचत नाय."

आमचं घर भांडुपच्या गावठाणात होतं. आता तिथे एकोणीस मजल्यांचा टॉवर आहे आणि त्याच्या खाली मोबाइलचं दुकान. तेव्हा कौलारू घरं एकमेकांना खेटून होती, मधोमध क्रूस होता, क्रुसाच्या पायरीवर सुकट वाळत पडलेली असायची, आणि आग्रा रोडवरच्या कारखान्यांचे भोंगे ऐकून बायका चुलीवर भात ठेवायच्या. आमच्यासारखी किरिस्तांव घरं तीसेक होती. मे महिन्यात प्रत्येक अंगणात मिरच्या भाजायच्या, सगळं गावठाण खोकायचं, मग मोठ्या उखळीत दोन-दोन बायका मुसळं घालून बाटलीचा मसाला कुटायच्या. त्या उन्हाळ्यातही आयने मसाला कुटला. बाटल्यांत ठासून भरला, बुचं लावली, फळीवर ओळीने ठेवला. मिठाशिवाय त्या मसाल्याला काही अर्थ नव्हता हे तिला कळत होतं. पण वर्षाचा मसाला केला नाही, तर हे वर्ष आपण सोडून दिलं असं झालं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई विचारच करत नाही.

आयला अक्षरओळख नव्हती. पण गावठाणात तिचा मान होता तो तिच्या माळेमुळे. आमच्या छोट्या चर्चमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी तासाभराची आराधना असायची. म्हातारे फादर लॉरेन्स सोनेरी किरणांच्या पात्रात ओस्ती, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, ठेवून ते वेदीवर मांडायचे, धूप दाखवायचे, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसायचे. मग आय सुरुवात करायची. नमो मरिया या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग ती म्हणायची आणि उरलेला अर्धा सगळ्या बायका मिळून उचलायच्या. दहा वेळा असं झालं की एक दहा पुरा. अशा पाच दहांची माळ आणि शेवटी मरियेला नाना नावांनी आळवणारी लितानी, ती गाऊन. आयचा आवाज गोड अजिबात नव्हता. मासळीबाजारात कमावलेला, जरा नाकातला, शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचणारा आवाज होता. प्रत्येक दहाच्या आधी ती तो दहा कोणासाठी ते मोठ्याने सांगायची. ही आमच्याकडची रीत. आठवडाभर बायका पाणी भरताना, मासे निवडताना, दारातून जाता जाता आयला म्हणायच्या, "माझेसाठी एक दहा ठेव गं." कुणाचा नवरा दारू पितो, कुणाच्या पोरीचं जमत नाही, आंजेलमावशीचा गुडघा तर कायमचाच. आय सगळं लक्षात ठेवायची आणि शुक्रवारी त्या ओस्तीसमोर, साक्रामेंतासमोर, एकेकीचं दुःख नाव घेऊन मांडायची. बायका रडायच्या, नाकं पुसायच्या, आणि तास संपल्यावर चर्चच्या पायरीवर उजळलेल्या चेहऱ्याने गप्पा मारायच्या. मला त्या सगळ्याची लाज वाटायची.

दुमिंगचं कळल्यावर आयने नवस केला. सलग नऊ शुक्रवार, साक्रामेंतासमोर, माळेचा पाचवा दहा दुमिंगसाठी. हे आमच्याकडे नवीन नव्हतं, नऊ शुक्रवार पुष्कळ जणी करायच्या. नियम मात्र कडक होता. मधला एक शुक्रवार जरी मोडला तरी मागचे सगळे वाया, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या शुक्रवारी आयने पाचव्या दहाला दुमिंगचं नाव घेतलं तेव्हा बायकांनी आपला अर्धा भाग असा उचलला की फादर लॉरेन्सनी मागे वळून बघितलं. तिसऱ्या शुक्रवारी दुमिंग स्वतः आला, पापांच्या खांद्याला धरून. पाचव्या शुक्रवारनंतर त्याच्या पायांची सूज जरा उतरली आणि आय दोन दिवस गुणगुणत होती. मी तिला समजावलं की ही गोळ्यांमुळे उतरली. ती म्हणाली, "गोळीला पन कोनतरी सांगावं लागतं ना, उतर म्हनून." दुमिंग खाटेवरून म्हणाला, "मी दोन्ही गिळतंय, आयची माळ पन आनि डागदरची गोळी पन. पोटात जाऊन भांडू दे त्यांना." सहावा झाला, सातवा झाला. सातव्या शुक्रवारी मात्र तो येऊ शकला नाही. त्याला बसल्या जागी दम लागत होता.

त्याच्या काही आठवडे आधी फादर लॉरेन्सना दम्यामुळे हलवलं आणि त्यांच्या जागी फादर व्हिक्टर आले. तरुण, उंच, हळू बोलणारे, नुकतेच शिकून परतलेले. ते मंगळूरकडचे, मराठी बाजारापुरतं यायचं, आमच्या बायकांची बोली तर त्यांच्या डोक्यावरून जायची. आल्या आल्या त्यांनी रविवारी मिस्सेनंतर आम्हा दहा-बारा मुलामुलींसाठी बायबलचा वर्ग सुरू केला, इंग्रजीत. मी नन्सच्या शाळेत इंग्रजीतून शिकत होते, त्यामुळे माझं फावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसाने मला विचारलं होतं की तुला काय वाटतं. ते सांगायचे, देवाशी सौदा करायचा नसतो. अमुक इतक्या प्रार्थना घे आणि अमुक दे, हा व्यापार झाला, श्रद्धा नव्हे. मी मान डोलवायचे. घरी येऊन अळणी भात खाताना आयकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, व्यापारी. माझ्यावर फादरांच्या शब्दांचा एवढा अंमल होता की चुलीपुढे बसलेल्या बाईच्या ताटातला भात तसाच राहतोय, हे मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सातव्या शुक्रवारनंतरच्या रविवारी वर्गात आराधनेचा विषय निघाला. शुक्रवारचा तास तोवर पाहुणे फादर घेऊन जायचे, येत्या आठवड्यापासून तो फादर व्हिक्टर घेणार होते. ते म्हणाले, साक्रामेंत वेदीवर मांडलेला असताना सगळं लक्ष ख्रिस्ताकडे हवं, त्या वेळी मरियेच्या आणि संतांच्या प्रार्थना मध्ये आणू नयेत, शांतता ही सगळ्यांत मोठी आराधना. आणि मग सहज विचारलं, "इथे काय करतात त्या तासाला?" उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी उभी राहिले. म्हणाले, "फादर, तासभर माळ चालते, आरडाओरडा करून. वर लितानी. आणि नावं घेतात." आणि नुसतं सांगून थांबले नाही, करून दाखवलं. आयच्या आवाजात, नाकातून, हातवारे करत: "ह्यो दहा आंजेलचे गुडघ्याला!" वर्ग खो-खो हसला. फादरही हसले, तोंडावर हात धरून. मला त्या हसण्याचा केवढा अभिमान वाटला हे मी आज लिहिते आहे, कारण न लिहिलं तर पुढचं समजणार नाही.

हसू ओसरल्यावर फादर गंभीर झाले. म्हणाले, हे थांबवायला हवं, पण प्रेमाने. माझं मराठी कच्चं आहे, तू एक सूचना लिहून देशील का? आणि तूच वाच, तुझ्या तोंडून त्यांना आपलेपणाने कळेल. मी तीन दिवस त्या सूचनेवर खपले. फादरांनी मला इंग्रजीत सांगितलं होतं की आराधनेच्या वेळी मोठ्याने माळ म्हणणं तितकंसं योग्य नाही. मला ते फिकं वाटलं. आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवलेल्या भारी शब्दांपैकी काहीतरी त्यात हवं होतं. मी लिहिलं, "पवित्र साक्रामेंतासमोर जपमाळ म्हणणे, लितानी गाणे आणि व्यक्तिगत मागण्या उच्चारणे हा प्रभूचा अनादर आहे." अनादर हा माझा शब्द. फादरांना कागद दाखवला तेव्हा त्यांनी ओळींवरून नुसती नजर फिरवली आणि माझं अक्षर सुंदर आहे म्हणाले.

त्या तीन दिवसांत मी घरातच होते. त्याच घरात दुमिंग उशांना टेकून बसलेला होता, त्याच घरात आय बोटांवर मोजत होती की आता दोनच राहिले. मला ते माहीत होतं. फादरांना मी म्हणू शकले असते की दोन शुक्रवार जाऊ द्या. काय बिघडलं असतं? पण तसं म्हटलं असतं तर विचारलं गेलं असतं की का, आणि मग सांगावं लागलं असतं की नवस करणारी बाई माझी आई आहे, ज्या बाईची नक्कल करून मी तुम्हाला हसवलं ती माझी आई आहे. वर्गातल्या मुलांना ते माहीत होतं. फादरांना नव्हतं.

आठव्या शुक्रवारी आय लवकर निघाली. तिने लग्नातलं लाल लुगडं नेसलं होतं, का ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. फादरांनी ओस्ती मांडली, धूप दाखवला, आणि मला खूण केली. मी माइकपाशी गेले. आय पुढच्या बाकावर गुडघ्यांवर होती, माळ हातात, तोंड उघडायच्या बेतात. मला माइकपाशी बघून तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं असणार, पोरीला वाचन दिलंय. मी वाचलं. अनादर या शब्दावर जरा जास्तच जोर दिला, वक्तृत्वस्पर्धेत देतात तसा. वाचून झाल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या, मग सगळ्या आयकडे बघू लागल्या. आयने माळ मुठीत घेतली, मूठ पदराखाली घेतली, आणि मान खाली घातली. मग एक तास त्या चर्चमध्ये कुणीही बोललं नाही. बाहेर कुत्री भुंकत होती, पंखा करकरत होता, आंजेलमावशी गुडघा बदलताना कण्हत होती. फादर डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून आराधना करत होते. ते ढोंगी नव्हते. तसं असतं तर मला त्यांच्यावर सगळं ढकलता आलं असतं.

तुम्ही म्हणाल, आयने मनातल्या मनात म्हणावी माळ, कोण अडवतंय? मीही तेव्हा हेच म्हटलं होतं. पण मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना आयला कुणी शिकवलीच नव्हती. तिच्या दृष्टीने अर्धी प्रार्थना तिची होती आणि अर्धी इतर बायकांची, आणि त्या दोन्ही एकत्र आल्याशिवाय ती पुरी होत नव्हती. मनात ती आपला अर्धा भाग म्हणणार, आणि मग? उचलणार कोण?

आराधना संपल्यावर आयने माझं मनगट धरलं आणि मला वेदीमागच्या खोलीत घेऊन गेली. फादर अंगावरचा झगा उतरवत होते. आय म्हणाली, "तू सांग त्यांना. मना त्यांचा बोलना जमत नाय." आणि ती बोलू लागली, घाईघाईने, हात न जोडता, बाजारात सरळ बोलावं तशी. "फादर, तुमचा बरोबर आसंल. आमी आडानी. पुढं नाय म्हननार. पन माझे सात सुकरवार झालेत. माझा थोरला पोर बिछान्यावर हाय. त्याचे दोनच रायलेत. आजचा धरून दोन. आज तुमी परत मांडा, मी एकच दहा म्हनते, आनि पुढचे सुकरवारी एक दहा. बायका नको तर नको, ही तेरू उचलंल. मंग मी तोंड उघडनार नाय, मरेपर्यंत नाय." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. फादरही माझ्याकडे बघत राहिले.

सौदा हा शब्द माझ्या डोक्यात वाजत होता. गेल्याच रविवारी मी या माणसापुढे नवस करणाऱ्यांना हसले होते. आणि आता मी सांगायचं, की माझ्या घरात नवस चालू आहे, माझा भाऊ मरायला टेकलाय आणि माझी आई तुमच्याकडे नमो मरियांची भीक मागते आहे. मी इंग्रजीत म्हणाले, "फादर, ती म्हणते, लोकांना सवय झाली आहे."

फादरांनी भुवया वर केल्या. म्हणाले, "एवढंच? ती तर बरंच काही बोलली. आणखी काही आहे का?"

"नाही, फादर," मी म्हणाले.

ते आयकडे वळले, हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "हळू हळू नवी सवय होईल, बाई." आयने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही म्हणतात." आय मान हलवून बाहेर पडली. घरी जाताना ती वाटेत एकच वाक्य बोलली, "सांगितलास ना नीट?" मी हो म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दुमिंग गेला. दुपारी तीनच्या भोंग्याच्या सुमाराला. शेवटचे दोन दिवस त्याला पाणी हवं होतं आणि आम्हाला ते द्यायची मनाई होती. आयने ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसले. पापा कारखान्यातून सायकलवर आले तोवर सगळं संपलं होतं. आंजेलमावशी दारात बसून मोठ्याने रडली. आय रडली नाही. मातीच्या वेळी फादर व्हिक्टरांनी फार सुंदर प्रवचन केलं. नंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा भाऊ एवढा आजारी होता, मला का नाही सांगितलंस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षाने त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मला एक इंग्रजी बायबल दिलं, ते मी अजून उघडलेलं नाही.

मातीनंतर आठ दिवसांनी आयने पहिल्यांदा कालवणात मीठ घातलं. ताटं वाढली, बसली, आणि पहिला घास न घेताच मला विचारलं, "तू वाचलास ना तवा. अनादर. म्हंजे अपमानच ना?" मी म्हणाले, हो, तसंच काहीसं. ती म्हणाली, "तो मीच केला. इतकी वर्सं दर सुकरवारी देवाचे तोंडावर अपमान केला, आनि वर त्याचेकडे पोराचा जीव मागाया गेले. त्यानं द्यावा तरी कसा?" पापा म्हणाले, "काय बोलतेस!" पण त्या दिवसापासून तो विचार तिच्यात कायमचा राहायला आला. दुमिंग आजाराने गेला नाही, तिच्या माळेने गेला, असं तिने ठरवून टाकलं. शुक्रवारी ती चर्चला जायची, शेवटच्या बाकावर बसायची. मे महिन्यात क्रुसापाशी माळ व्हायची, तिथे तर कुणाचीच मनाई नव्हती, पण बायकांनी कितीही ओढली तरी तिने सुरुवात केली नाही. नुसतं ओठ हलवणंही तिने सोडलं. "माझे तोंडाचा काय खरं नाय," एवढंच म्हणायची. हळूहळू दारातून जाताना कुणी दहा ठेवायला सांगेनासं झालं. माळ ती उशाखाली ठेवायची आणि सकाळी पुन्हा खुंटीला अडकवायची, वापर मात्र नाही.

हे लिहिताना मला माझाच संताप येतो. पंधरा वर्षांची पोर होती, चुकली, असं म्हणायला माझी ना नाही. पण मी पंधराची कायम राहिले नाही. मी शिकले, शिक्षिका झाले, मुलुंडच्या एका शाळेत तेहतीस वर्षं मुलांना खरं बोलावं असं फळ्यावर लिहून दिलं. लग्न केलं नाही. पापा गेले, आणि मग घरात आम्ही दोघीच उरलो. ती तिच्या खाटेवर, मी माझ्या. रोज सकाळी तिला चहा मी द्यायचे, तिच्या पायांना तेल मी लावायचे. लोक म्हणायचे, तेरेझाने आईची सेवा करावी तर अशी. ती सेवा नव्हती, हप्त्याने केलेलं तोंड लपवणं होतं. कितीदा वाटलं की आज सांगू. मग वाटायचं, आता म्हातारीला उगाच कशाला त्रास द्या. खरं तर त्रास तिला न सांगण्याचाच होत होता. ती गेली तेव्हाही मी तिच्या हातात माळ गुंडाळली, सगळ्यांच्या हातात गुंडाळतात तशी, आणि तिची बोटं आखडलेली असल्यामुळे मला ती जबरदस्तीने आत सरकवावी लागली.

त्यानंतर काही वर्षांनी रोमहून म्हणे असं कळवण्यात आलं, की साक्रामेंत मांडलेला असताना जपमाळ म्हणायला हरकत नाही, माळही शेवटी ख्रिस्ताच्याच जीवनाचं चिंतन आहे. आमच्या चर्चमध्ये ही बातमी कुणी पायरीवर उभं राहून सांगितली नाही. एका शुक्रवारी माळ पुन्हा सुरू झाली, एवढंच. आता आमचं चर्च मोठं आहे, आराधनेसाठी वेगळी एसी खोली आहे, भिंतीवरच्या पडद्यावर प्रार्थनेच्या ओळी उमटतात, आणि परिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायका आपापल्या अडचणी टाकतात, त्या तिथे वाचून दाखवतात. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी खुर्चीवर बसते. मी ऐकते. कुणाच्या सुनेचा व्हिसा, कुणाचा स्टेंट. आयने जे तोंडपाठ केलं होतं ते आता फोनवरून वाचतात, एवढाच काय तो फरक.

गेल्या चाळीसेत, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मी कुमसार करायला, फादरांपुढे चुका कबूल करायला गेले. कुमसार मी दर वर्षी करते, पण या गोष्टीचा कधीच केला नव्हता; राग आला, कुणाची निंदा केली, असं किरकोळ सांगून यायचे. या वेळी सगळं सांगितलं. वर्गातली नक्कल, तो शब्द, वेदीमागची खोली. आमचे आताचे फादर तिशीतले आहेत, चांगले आहेत, क्रिकेट खेळतात. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आंटी, एवढी वर्षं तुम्ही हे मनात ठेवलंत? आराधनेत माळ आता चालते. तुमच्या आईचं काहीच चुकलं नव्हतं. आणि तुम्ही तर लहान होतात." त्यांनी मला क्षमा दिली, आणि प्रायश्चित्त म्हणून एक माळ म्हणायला सांगितली. मी बाहेर येऊन ती म्हटली, सगळी, एकही मणी न चुकवता. म्हणता आली याचंच मला नवल वाटलं. हलकं काही वाटलं नाही.

तुमच्या आईचं काहीच चुकलं नव्हतं. हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं, ते मला माहीतच होतं. ते जिला ऐकायचं होतं ती एकवीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवली. ते सांगायला फादर लागत नव्हता, रोमहून पत्र लागत नव्हतं, इंग्रजी तर मुळीच लागत नव्हतं. आय, अनादर हा शब्द माझा होता, आणि तुझं बोलणं मी त्यांना सांगितलंच नाही. एवढंच म्हणायचं होतं, तिच्या बोलीत, भात वाढता वाढता.